पदरात मागितलेलं नाव

भिकाजी हे नाव आता कोणी ठेवत नाही. माझ्या लहानपणी, रत्नागिरीकडच्या आमच्या शाळेत, एकाच वर्गात आम्ही तिघं भिकाजी होतो. मास्तर आम्हाला थोरला, मधला आणि शेंबडा अशी हाक मारायचे. शेंबडा मी. बाकी वर्गात धोंडू होते, केरू होता, एक दगडू होता, आणि नाक टोचलेला एक नथू होता. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. हाक आली की ओ द्यायची, एवढाच नावाचा उपयोग आम्हाला ठाऊक होता. पुढे कळलं की या सगळ्या नावांमागे बहुतेक एकच गोष्ट असते. आधीची भावंडं गेलेली असतात.

माझ्या आधीची दोघं गेली होती. मी झालो तेव्हा आईनं सुपात तांदळाचा कोंडा पसरला, त्यावर मला ठेवलं आणि ते सूप वाडीतल्या एका बाईच्या हातात दिलं. ती बाई कुठल्याही जातीची चालते, गरीब चालते. फक्त तिची झालेली सगळी पोरं जिवंत असावी लागतात. मग आई तिच्या दारात पदर पसरून उभी राहिली आणि म्हणाली, "माये, भीक वाढ." त्या बाईनं मला आईच्या पदरात घातलं. तेव्हापासून मी आईच्या पोटचा उरलो नाही, मागून आणलेली भीक झालो. भिकेत आलेल्या वस्तूवर कोण डोळा ठेवील? सटवाईही ठेवणार नाही आणि मरणही नाही, असा त्यामागचा विचार. त्याचे नियम दोनच. नाव भिकाजी ठेवायचं आणि चारचौघांत त्याच नावानं हाक मारायची. आणि जिनं भीक वाढली ती कधी आपल्या दारात आली, तर तिला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही.

मी हे दोन्ही मोडले. स्वतःच्या बाबतीत नव्हे, माझ्या मुलाच्या बाबतीत. आणि ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात माझा नातू दिवस भरण्याआधीच जन्मला. काशीमीऱ्याजवळच्या हॉस्पिटलात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नाकात नळी, छातीवर चिकटवलेल्या वायरी, आणि पेटीवर लावलेल्या कार्डावर "बेबी ऑफ" आणि पुढे माझ्या सुनेचं नाव. त्याचं स्वतःचं नाव काहीच नव्हतं. सुनेची याआधी दोनदा निराशा झाली होती, त्यामुळे या वेळी घरात आधीपासून काही ठरवायचं नाही असं सगळ्यांनीच मनाशी धरलं होतं. तरी बाळ झाल्याच्या दिवशी फोनवरच्या घरच्या ग्रुपमध्ये नावं यायला लागली. विहान, कियान, रेयांश. कोणी अर्थ पाठवला, कोणी रास. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या मुलाला बाजूला बोलावून काहीतरी सांगितलं आणि त्यानंतर ग्रुपवर नाव येणं बंद झालं. एकदम. जणू नाव सुचवणं आता अशुभ होतं.

बाहेर बाकावर बसलो की हायवेवरच्या ट्रकांनी खिडकीची तावदानं थरथरायची. आत पेटीजवळ ती थरथर पोचते का, हा एकच विचार मला दिवसभर पोखरत होता. नर्सला विचारलं तर ती म्हणाली, "अंकल, टेन्शन मत लो." मी घेत राहिलो.

तिथंच एकदा सून माझ्या शेजारी येऊन बसली. ती गुजराती. भाईंदर पश्चिमेला तिचं माहेर. मराठी छान बोलते, मधूनच अडली की हिंदीत जाते. ती म्हणाली, "पप्पा, तुमच्याकडे अशा वेळी काही करतात का? मी मानत नाही हां. पण काही असेल तर सांगा."

मी म्हणालो, "नाही गं. काही नाही."

माझ्या तोंडातून ते इतक्या सहज निघालं की माझं मलाच भय वाटलं. आधी एकदा हेच मी दारात उभा राहून म्हणालो होतो.

त्याआधीचं सांगायला हवं. मी हाटकेशला एका गाळ्यात लेथवर कामाला लागलो तेव्हा हजेरीपटावर भिकाजी होतो. मुंबईच्या आसपास आलं की त्या नावाचा अर्थ सगळ्यांना एकदम कळतो. शाळेत तो कुणालाच कळत नव्हता. गाळ्यातला फोरमन पगाराच्या दिवशी माझा नंबर आला की हात हलवून म्हणायचा, "ए भिकाजी, पुढं जा बाबा, सुट्टे नाहीत." सगळा गाळा हसायचा. मीही हसायचो. जेवणाच्या सुट्टीत एक जण डबा उघडून म्हणायचा, "वाढू का रे?" लग्नाआधी मी रीतसर नाव बदलून घेतलं. त्या वेळी चालणारं, सिनेमातल्या नायकाला शोभेल असं नाव घेतलं. गावाकडचे भिकाच म्हणत राहिले, म्हणून मी गावाला जाणं कमी केलं. माझ्या वयाच्या कितीतरी धोंडूंनी आणि केरूंनी हेच केलं असणार. आम्हाला वाटलं आम्ही सुधारलो. या नावांची चलती का गेली, तर आम्ही शिकलो म्हणून, असं मी लोकांना सांगायचो. आता त्या बाकावर बसून वाटलं, तसं नाही. दवाखाने आले, लशी आल्या, पोरं जगायला लागली. मग मागून आणण्याची वेळच आली नाही, म्हणून नावं गेली. ज्या घरात पोरं जात राहिली असती, त्या घरातून भिकाजी गेला नसता.

आमच्या घरात जात राहिली. आमची पहिली मुलगी बाळंतिणीच्या खोलीतच गेली. दुसरं तर रडलंच नाही. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला तेव्हा आई गावाहून येऊन आमच्याकडे भाईंदरला राहिली होती. तिनं दबक्या आवाजात विषय काढला. "सूप आणलंय मी. कोंडाही आहे. तारोडी गावची ती मासेवाली येते ना, तिची सगळी पोरं जगलीत. तिला विचारलंय."

मी ओरडलो. "माझ्या पोराला भिकारी करायचंय तुला? मी काय भोगलं ते बघितलंस ना?"

"तू जगलास," आई म्हणाली. "मी तेवढंच बघितलं."

मी ऐकलं नाही. मुलाचं नाव चांगलं, आधुनिक ठेवलं. आई गप्प बसली. मला वाटलं विषय संपला. तो संपला नव्हता हे मला वर्षभरानं कळलं. रविवार होता, मी घरी होतो. चाळीच्या जिन्यावर माशांच्या पाटीची खडखड झाली आणि ती तारोडीची बाई दारात आली. गळ्यात क्रूस, कानात जड कुड्या, डोक्यावर ओली चुंबळ. माझी आई तेव्हा नळावर होती.

ती मोठ्यानं म्हणाली, "माजा भिकू कवडा जाला, बगू दे तरी!"

शेजारची दारं उघडीच होती. कोणीतरी आतून विचारलं, "कोण भिकू?" माझ्या कानात गाळ्यातलं ते हसणं भरलं. सगळं एका क्षणात उमगलं. आईनं मला न सांगता, माझी बायको आणि ही बाई यांना हाताशी धरून, माझ्या मुलाची भीक मागितली होती. मी दारात आडवा उभा राहिलो.

"इथं भिकू-बिकू कोणी नाही. मासे नकोत आज. पुढं जा."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग पाटी सावरली आणि खाली उतरली. ती गेल्यावर मला आठवलं की 'पुढं जा' हे शब्द मी कुठून उचलले होते.

आई नळावरून आली. बायकोनं तिला सांगितलं. आई मला एवढंच म्हणाली, "तिला रिकामी पाठवलीस?" आवाज रागाचा नव्हता, भेदरलेला होता. त्यानंतर मुलाला ताप आला, खोकला झाला, नुसता तो झोपेत दचकला तरी ती माझ्याकडे बघायची आणि नजर वळवायची. मी कामावर असताना ती त्याला भिकू म्हणत असे. एकदा लवकर घरी आलो तेव्हा ते कानावर पडलं आणि मी तिला मुलासमोर बोललो. वाईट बोललो. त्यानंतर ती त्याला कुठल्याच नावानं हाक मारेनाशी झाली. 'अरे', 'बाळा', एवढंच. दर नवरात्रात मात्र ती एकटीच तारोडीच्या धारावी देवीची ओटी भरायला जायची. कोणाला बरोबर घ्यायची नाही. येताना तिच्या पिशवीत वाळलेले बोंबील असायचे. मी चेष्टा करायचो, "आई, ही देवी बोंबलाचा प्रसाद देते का गं?" बायको हसायची. आई हसायची नाही.

आई गेली. पुढे बायकोही गेली. मुलगा मोठा झाला, त्याला नोकरी लागली, आम्ही मीरा रोडला आलो. मी भिकाजी होतो हे मुलाला माहीत आहे, गावचा एखादा पाहुणा भिकाकाका म्हणाला की तो गालात हसतो. तो स्वतः भिकू आहे हे जाणणारा मी एकटाच उरलो होतो.

सुनेला "काही नाही" म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी बाळाचा श्वास बिघडला. मुलगा आत-बाहेर करत होता. माझ्या मनात एकच घोळत होतं. तिला रिकामी पाठवलं ते माझ्या मुलाला भोवलं नाही, मग ते याची वाट बघत होतं का? मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस. सुतभर इकडं-तिकडं चालत नाही असल्या कामात वाढलो. असला विचार माझ्या डोक्यात येऊ नये. पण तो आला, आणि बसूनच राहिला.

"घरी जाऊन आंघोळ करून येतो," असं सांगून मी निघालो आणि भाईंदर स्टेशनबाहेरून उत्तनकडे जाणारी बस पकडली. वाटेत बाजारातून नारळ, खण आणि तांदूळ घेतले होते. तारोडीला उतरून विचारत गेलो. नाव मला ठाऊकच नव्हतं. "पूर्वी भाईंदरला डोक्यावर पाटी घेऊन यायच्या, कुड्या जड होत्या," एवढ्या खुणेवर एका बाईनं घर दाखवलं. म्हातारी अंगणात खाली बसून सुकत घातलेले बोंबील उलटत होती. कानात कुड्या नव्हत्या, भोकं लांबलेली होती.

"कोन रं तू?"

मी आईचं वर्णन केलं. रत्नागिरीची, नऊवारी नेसणारी.

"ती? बोंबील घेताना वास घेऊन घेऊन घ्याची ती?" ती हसली. मग हसू थांबलं. "तू तिचा पोऱ्या. मना दारातून हाकललास तो."

"हो, मावशी."

"येवड्या वर्सांनी आठवला होय?" तिनं माझ्या हातातली पिशवी बघितली. "दे. ठेव तिकडं. रिकामा न्हाय आला, बरा केला. तुजी म्हातारी पन कदी रिकामी न्हाय आली."

मला समजेना. ती म्हणाली, "दुसऱ्याच दिशी आली ती. चालत. पायात चप्पल न्हाय. पदरात तांदूल आन् नारल. माज्या लेकाला अक्कल न्हाय, तू मनात ठेवू नको, बोलली. मग दर वर्साला याची, देवीच्या जत्रंच्या दिवसांत. मी तिला बोंबील द्याचे."

मी तिथंच पायरीवर बसलो. इतकी वर्षं ज्या गोष्टीला घाबरत आलो ती आईनं दुसऱ्याच दिवशी मिटवली होती. आणि मी तिच्या पिशवीतल्या बोंबलांची चेष्टा करत होतो. चूक माझी होती. ती निस्तरायला आई दर वर्षी इतक्या लांब आली, आणि मला तिनं एका शब्दानं सांगितलं नाही. मी सांगण्याजोगा माणूस राहिलो नव्हतो, हेच त्याचं कारण.

मग मी ज्यासाठी आलो होतो ते बोललो. नातू पेटीत आहे, त्याच्यासाठी भीक वाढाल का. सूप लागेल तर आणतो, सुनेला विचारतो, काय लागेल ते करतो.

तिनं हातातला बोंबील उलटून ठेवला.

"मी चालाची न्हाय आता," ती म्हणाली. "सगली जिती पायजेत ना? माजा मदला गेला. दर्यानं न्हाय नेला त्याला. बाईकवर होता, काशीमीऱ्याला, ट्रकनं."

ज्या हायवेच्या आवाजानं माझा जीव टांगणीला लागला होता, तोच तो.

"रडू नको," ती म्हणाली. मला कळलं नव्हतं मी रडत होतो. "मी वाढला तो हाय ना तुज्या घरात? जिता हाय ना? त्याला म्हाईत हाय, तो भिकू हाय त्ये?"

"नाही."

"मग हितं काय करतोस? जा. त्याला पैला सांग."

निघताना तिनं कागदात बोंबील बांधून दिले. बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

हॉस्पिटलबाहेर चहाच्या टपरीवर मुलगा उभा होता. बाळाचा श्वास पुन्हा मार्गी लागला होता, पण नळी काढली नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं. मधूनमधून ट्रक जायचा तेव्हा थांबावं लागायचं आणि पुन्हा तेच वाक्य सुरू करावं लागायचं. मला वाटलं तो म्हणेल, बाबा, आता हे कशाला? चिडेल, किंवा हसेल. त्यानं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. हातातला चहा निवून गेला होता.

"आजी मला भिकू म्हणायची," तो म्हणाला. "आठवतंय मला."

"तू फार लहान होतास."

"आठवतंय. मला वाटायचं ते फक्त तिचं आणि माझं आहे. मग एक दिवस म्हणायची बंदच झाली." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मला वाटलं मी काहीतरी केलं. खूप वर्षं वाटायचं."

मी आईचा गुन्हेगार आहे हे मला माहीत होतं. त्याचाही आहे हे त्या टपरीवर कळलं. मी म्हणालो, "तू काही केलं नव्हतंस. मी केलं." तो म्हणाला, "हां," आणि चहाचे पैसे देऊन वर गेला. पिशवी माझ्या हातातून त्यानंच घेतली. बोंबलाचा वास येतोय म्हणून कुरकुरला नाही.

त्यानं बायकोला काय सांगितलं कोण जाणे. ती संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी मान खाली घातली.

"माझ्या पणजोबांचं नाव भीखाभाई होतं, पप्पा," ती म्हणाली. "आमच्याकडे पण सेम. त्यांच्या आधीची वाचली नव्हती. आणि मी तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, काही नाही."

"घाबरलो गं."

"कशाला?"

ती शेजारी बसली. म्हणाली, "यानं काही होत नाही, मला माहितेय. डॉक्टर जे करतायत तेच होणार. पण त्याला हाक मारायला काहीतरी पाहिजे ना. सगळे बेबी ऑफ, बेबी ऑफ करतात. माझंच नाव घेतात. त्याला कोणी बोलवतच नाही." मग दाराकडे हात करून, "मी दुपारपासून भीखो म्हणतेय त्याला. तुमचा मुलगा भिकू म्हणतो. आत्ता तुम्ही जा. एकालाच सोडतात."

मला हिरवा गाऊन घालायला दिला. हात दोनदा धुवायला लावले. पेटीच्या बाजूला हात घालायला गोल झडप असते, पण मी ती उघडली नाही. नर्स म्हणाली, "बोलो ना दादाजी, वो सुनता है." मी काचेजवळ वाकलो. ते नाव तोंडात यायला तयार होईना. इतकी वर्षं मी ते कुणी उच्चारलं तरी दचकायचो. कुणी ऐकेल म्हणून मागं पाहिलं. पलीकडे दुसऱ्या पेटीजवळ एक बाप उभा होता, त्याचं लक्ष त्याच्याच बाळाकडे होतं. इथं कोण कोणाला हसणार होतं?

मी म्हणालो, "भिकाजी." ते फारच हळू झालं. म्हणून पुन्हा म्हणालो, चारचौघांत म्हणतात तसं.

त्यानं काही केलं नाही. पोट वरखाली होत होतं, यंत्रावर आकडे बदलत होते. मी तिथं उभा राहून ते आकडे बघत राहिलो. नर्स म्हणाली वेळ झाली, तेव्हाच हललो.

बाहेर सून दारातच होती.

"नाव घेतलंत?"

"घेतलं."

"उद्या परत घ्या," ती म्हणाली.